हिरव्या दिव्याची डबी

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, निळ्या प्लॅस्टिकची. गाडीत स्टिअरिंगशेजारी जी सिगारेट पेटवायची खोबण असते, तिच्यात मला खोचतात. खोचलं की माझा हिरवा दिवा लागतो. माझ्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'लावा आणि विसरा. पेट्रोलची तीस टक्के बचत.' माझी गोष्ट ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल. मला ते अजून आलेलं नाही.

माझा जन्म एका दुकानाच्या माडीवर झाला. लांब टेबलाभोवती सहा बायका बसायच्या. एक दिवा बसवायची, एक तारेचा तुकडा चिकटवायची, एक वरून थोडं डांबर ओतायची. डांबर कशाला, तर हातात घेतल्यावर वजन लागावं म्हणून. एकदा नवीन आलेल्या बाईनं विचारलं, "अगं, पण ही करते काय?"

"हिरवा दिवा दाखवते," जुनी बाई म्हणाली. "आणखी काय हवं? भांडीपण घासायची का तिनं?"

सगळ्या खळखळून हसल्या. मीही मनात हसले. काहीही न करता एखाद्याचं घर मोडता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं ते लाँड्रीच्या व्हॅनच्या मालकानं. व्हॅन तोच चालवायचा. दवाखान्यांतल्या आणि लॉजमधल्या मळक्या चादरींची गाठोडी आणायची, धुतलेल्या चादरी पोचवायच्या, हे त्याचं काम. माणूस कष्टाळू होता. पण व्हॅन पेट्रोल फार पीत होती आणि त्या काळजीनं त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. पेट्रोल पंपाबाहेर एका गोड बोलणाऱ्या विक्रेत्यानं मला त्याच्या हातात ठेवलं. त्यानं मला तळहातावर तोललं आणि खिशात टाकलं. डांबरानं आपलं काम चोख केलं.

त्या संध्याकाळी मी पाकिटातच, व्हॅनच्या काचेमागं पडून होते. मालक आंघोळीला गेला होता. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ आला. त्याला सगळे दादा म्हणत. दादाचं कोपऱ्यावर लहानसं गॅरेज होतं. त्यानं लग्न केलं नव्हतं. धाकट्याच्या घरी रोज संध्याकाळी त्याचं ताट असे, आणि जेवायच्या आधी तो व्हॅनभोवती एक चक्कर मारत असे. त्या दिवशी त्यानं मागच्या डाव्या चाकाला हात लावला, हात झटकला आणि जॅक आणला. ब्रेक चिकटला होता. चाक पळत होतं आणि ब्रेक त्याला मागं ओढत होता. पेट्रोल जात होतं ते तिथं. दादानं चाक उतरवून ब्रेक मोकळा केला, इंजिनाची हवा गाळणारी जाळी झटकून साफ केली, चारही चाकांत हवा भरली. मग साबणानं हात धुतले आणि आत जाऊन जेवायला बसला. बोलला काही नाही. एवढ्या-तेवढ्याचं काय सांगायचं, असा त्याचा स्वभाव.

हे सगळं पाहणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं मला खोबणीत खोचलं. तो टाकी काठोकाठ भरायचा आणि किलोमीटर वहीत लिहायचा. आधी लिटरला अकरा पडत होते. त्या टाकीला चौदा पडले. त्यानं वहीचा मुका घेतला आणि माझ्यावरून बोट फिरवलं. "लक्ष्मी आहेस तू माझी!" तो म्हणाला. मित्रांनो, आयुष्यात माझं झालेलं हे पहिलं कौतुक, आणि ते चोरीचं होतं.

जेवताना त्यानं वही दादापुढं ठेवली. पुढचं भांडण मी उघड्या खिडकीतून ऐकलं.

"छोट्या, त्या डबीत काही नाही रे," दादा म्हणाला. "तुझा ब्रेक चिकटला होता. मी सोडवला त्या दिवशी."

"कधी?"

"तू आंघोळीला गेला होतास तेव्हा."

"वा! आणि आज सांगतोस? चौदाचा आकडा बघितल्यावर?"

"अहो, असं काय बोलता? मोठे आहेत ते," मालकाची बायको म्हणाली.

"अगं, गाड्या कमी बिघडल्या तर यांचं गॅरेज कसं चालणार? म्हणून पोटात दुखतंय."

दादानं वही मिटून बाजूला सारली. म्हणाला, "एक काम कर. एक टाकी हिला काढून चालव. त्याच रस्त्यानं. आकडा खाली आला तर मी गॅरेजच्या दारावर हिचा फोटो लावतो."

"काढायची कशाला? चांगलं चाललंय ते मोडायचं?"

दादानं ताटातलं संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मालकाच्या बायकोनं दारात येऊन हाक मारली, "भाऊजी, ताट वाढलंय!" तो आला नाही. नंतरही आला नाही.

मालक हट्टाला पेटला होता. गाडीतळावर तो प्रत्येकाला वही दाखवू लागला. त्याचा शब्द खोटा नव्हता, आकडाही खोटा नव्हता, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. महिन्याभरात तळावरच्या बहुतेक गाड्यांत माझ्या बहिणी लुकलुकू लागल्या. "आता गाडी दाखवायला कशाला जायचं? डबी आहे ना," असं ड्रायव्हर म्हणू लागले. हे सगळे दादाकडे येणारे होते. गॅरेजपुढची रांग हटली. दादा बाकावर बसून दिवसभर नटबोल्टाचे पाने पुसायचा. व्हॅन तिथून गेली की मालक मान दुसरीकडं वळवायचा. माझा दिवा मात्र दादाकडं तोंड करून जळायचा. मला तो विझवता येत नव्हता.

एके सकाळी दादा पिशवी घेऊन व्हॅनपाशी थांबला. दुसऱ्या गावी बसच्या डेपोत त्याला नोकरी मिळाली होती. मालकाची बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती. मालक घरात होता, पण बाहेर आला नाही. दादानं व्हॅनकडं पाहिलं, मागच्या चाकाकडं हात नेला आणि अर्ध्यातून मागं घेतला. मग चालू लागला. मित्रांनो, माझ्या पोटात घोटभर डांबरच आहे. पण त्या दिवशी मला वाटलं, ते वितळलं.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. चाकांतली हवा उतरत गेली, जाळीत धूळ बसली, ब्रेक पुन्हा धरू लागला. तेरा, बारा, मग अकरा. मालकानं पंपवाल्याला शिव्या घातल्या. टाकीत ओतायच्या औषधाची बाटली आणून ओतली. आकडा ढिम्म हलला नाही. माझ्यावर संशय मात्र त्यानं कधी घेतला नाही.

मग एकदा त्याचा मोबाइल बंद पडू लागला. चार्जर लावायला तीच खोबण होती. त्यानं मला काढून दाराच्या कप्प्यात टाकलं आणि पार विसरून गेला. आठ दिवस मी तिथं पावत्यांखाली पडून होते. टाकी भरून त्यानं वही उघडली, आकडा लिहिला आणि त्याचा हात थांबला. अकरा. माझ्यासकट अकरा, माझ्याविना अकरा. त्यानं कप्प्यातून मला काढलं, पेचकसानं माझी पाठ उघडली आणि आत बघत राहिला.

तसाच तो दादाच्या जुन्या गॅरेजच्या जागी गेला. तिथं आता चपलांचं दुकान होतं. दुकानापुढंच उभं राहून त्यानं फोन लावला.

"दादा, मी बोलतोय."

"बोल."

"डबीत काही नाही रे."

पलीकडून एका बसच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"मागचं डावं चाक बघ," दादा म्हणाला. "हात लावून बघ, तापलं असेल."

मालक खाली बसला. चाक तापलं होतं. त्यानं हात काढला नाही. "दादा, परत ये ना. घरी ही रोज तुझी चौकशी करते."

"आता इथली सवय झाली, छोट्या." त्याचा आवाज रागाचा नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "कुणाकडून तरी सोडवून घे तो ब्रेक. भरल्या गाडीनं फिरू नकोस." आणि त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून मालक तळावर माझी उघडी पाठ दाखवत फिरतो. "बघा, काही नाही हिच्यात," म्हणतो. लोक हसतात. वही बघून विश्वास ठेवणारे हेच लोक, पण आता त्यांना त्याचं पटत नाही. परवा एकजण म्हणाला, "तुझी खराब निघाली असेल. माझी चांगली आहे."

मित्रांनो, गाडीची निगा राखा. हवा बघा, जाळी झटका, चाकाला हात लावा. कुणी जादू विकू लागला तर आधी एक टाकी तिच्याविना चालवून बघा. आणि तुमच्या घरात न सांगता काम करणारं कुणी असेल, तर त्यांना आजच विचारा, "आज तुम्ही काय केलंत?" ते सांगतील त्यावर विश्वास ठेवा. मी सगळं पाहिलं होतं. मला तोंड असतं, तर त्या रात्रीच्या जेवणात मी एवढंच सांगितलं असतं, की हे दादाच्या हातानं झालं आहे.