गायरानाचा भंडारा

मनुबाईची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. म्हणून अंगात ताप असला तरी पहाटे धार मनुबाईच काढणार आणि दुधाची घागर डोक्यावर घेऊन बेळगावच्या खडेबाजारात रतीब घालायला तीच जाणार. नवरा भरमू पहिल्या जर्मन लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला, तो तिकडंच कामी आला. मूलबाळ नाही, शेत दिरानं घशात घातलेलं. गावचं गायरान होतं म्हणून म्हैस होती आणि म्हैस होती म्हणून बाई कुणाच्या दारात हात पसरायला गेली नव्हती.

त्या साली कौन्सिलची मतं आली. मनुबाईचा दीर यल्लाप्पा गावचा पाटील. त्यानं मत असलेल्या बाप्यांना लक्ष्मीच्या देवळात जमवलं आणि सांगितलं, "सरकार गायरान काढून घ्यायला बसलंय. राखंल तर खडेबाजारातला ह्यो वकीलच राखंल. मत त्यालाच, म्हणून भंडारा उचला." आमच्याकडे देवीपुढं भंडारा, म्हणजे देवीची हळद, उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मोडला तर दावणीची गुरं मरतात म्हणतात. सगळ्यांनी उचलला. फौजीची विधवा म्हणून नव्या कायद्यानं मनुबाईलाही मत होतं, पण देवळात बाईमाणसाला कोण बोलावतो?

मतांना चार दिवस राहिले असताना मनुबाई वकिलाच्या घरी दूध मापत होती. वकिलीणबाई मनानं साधी. ती म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी तुमचा रतीब बंद हं. तुमच्या माळावर आमची विटांची भट्टी होणार, तिथंच म्हशी बांधू. गावाची हरकत नाही असं पाटलांनी सरकारात कळवलंय. त्यांचा मुलगाच भट्टीवर मुकादम राहणार आहे."

मनुबाईच्या हातातलं माप तिथंच थांबलं. उरलेला रतीब न घालता ती भरल्या घागरीसकट गावाकडं वळली आणि तडक चावडीत शिरली.

"भावजी, गायरान इकलंसा व्हय?"

यल्लाप्पा गावातल्या चार माणसांत बसून पान जुळवत होता. त्यानं मान वर केली नाही. "वैनी, बायकांनी चावडी चढू नये."

"चढले आता. पोराला मुकादम कराया गावाच्या गुरांच्या तोंडचं काढलंसा. ह्या समद्यांच्या हातात देवीचा भंडारा दिलासा, तवा ठावं हुतं का न्हवतं?"

"ठावं हुतं," यल्लाप्पा म्हणाला. "गायरान आज ना उद्या जाणारच. मग आपल्यातल्या एकाचं तरी भलं झालं तर बिघडलं कुठं?"

इतकं उघड बोलला तो. कारण त्याला माणसं ठाऊक होती. मनुबाई त्यांच्यात बसलेल्या, तिच्या शेजारघरच्या रवळूकडं वळली. रवळूची दोन बैलं, एक गाय, सगळी त्याच माळावर वाढलेली.

"रवळूभावजी, ऐकलासा न्हवं? आता कुणाला मत देणार?"

रवळूनं पटका काढून मांडीवर ठेवला. "वकिलालाच, वैनी. दुसरं काय करू?"

"आवं, त्यानं फसवलंय तुमास्नी."

"लबाडी त्येची, पर भंडारा माझ्या हातानं उचललाय. देवी मला इचारंल, त्येला न्हाय."

बाकीचे खाली मान घालून बसले. आमच्या गावाची ही खोड. चोराला दिलेला शब्दही आम्ही सोवळ्यात ठेवतो.

मताच्या दिवशी शाळेत दोन पेट्या होत्या. वकिलाची लाल, दुसऱ्याची हिरवी. दाराशी यल्लाप्पा उभा होता. मनुबाई बाहेर आली आणि त्यानं न विचारताच म्हणाली, "हिरवीत टाकलं. मला कुणी भंडारा दिला न्हवता."

वकील निवडून आला. एका मतानं काय होतंय? दिवाळीच्या आत माळाला तार पडली. गुरं सवयीनं सकाळी तिथवर जायची आणि तारेत मान घालून उभी राहायची. रवळूनं गाय विकली. मनुबाईनं म्हैस खानापूरच्या एका गवळ्याला दिली. तो दावं ओढायला लागला तशी म्हैस तिच्याकडं बघून हंबरली, आणि दिराशी भांडताना न रडलेली बाई त्या दिवशी रिकाम्या गोठ्यात बसून रडली.

वर्षानं लोकल बोर्डाची मतं आली. यल्लाप्पानं पुन्हा देवळात माणसं बोलावली. ती आली, बसली. पुजाऱ्यानं ताट पुढं आणलं तेवढ्यात मनुबाई आत आली आणि ते ताट तिनं आपल्या हातात घेतलं. बाईनं ताटाला हात लावलेला गावानं कधी पाहिला नव्हता.

"भंडारा उचलला की शब्द मोडत न्हाईसा न्हवं?" ती म्हणाली. "मग आज उचला. ह्याफुडं मतासाठी भंडारा उचलणार न्हाय म्हणून."

मग रवळू उठला. त्यानं चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला, आणि त्याच्यामागं एकेक जण उठला. शेवटी यल्लाप्पानंही हसत हात पुढं केला.

मनुबाईनं ताट मागं घेतलं.

"तुमी ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "भंडारा शब्द पाळणाऱ्यालाच बांधून ठेवतो."