पंच क्रमांक दोन

"सोमवारी दिवेलागण होईपतूर तोंड उघडायचं न्हाय. घर पेटलं तरी न्हाय."

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की नीलम्माला तोच आवाज ऐकू येई. तिनं एकही सोमवार मोडला नव्हता.

पेटलं ते शेजाऱ्याचं. तिच्या विभूती-कुंकवाच्या दुकानाला लागून मकदूमचं जनावरांच्या औषधांचं दुकान. एप्रिलातल्या एका सोमवारी औषध निरीक्षक आले, त्याच्या फ्रिजमधून शेळ्यांच्या लसीच्या बाटल्या नमुना म्हणून काढल्या, सील केल्या, त्यातली एक नियमाप्रमाणे मकदूमकडेच ठेवली आणि शेजारची म्हणून नीलम्माला पंच नेमलं. बाकीच्या बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून जीपमध्ये ठेवल्या. जीप उन्हात, साहेब समोरच्या खानावळीत. तास-दीड तासानं ढेकर देत आले आणि पंचनामा पुढे केला. त्यात लिहिलं होतं, नमुने बर्फाच्या पेटीत ठेवले.

तिनं ते वाचलं. बोलावं तर मौन मोडतंय. सही म्हणजे काही बोलणं नव्हे, असं मनाशी म्हणून तिनं नाव लिहून दिलं. नुसती नकारार्थी मान हलवली असती तरी चाललं असतं, हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं.

मकदूमनंही सगळं पाहिलं होतं. माल चांगला असताना साहेबांना कशाला दुखवा, म्हणून तो हसून गप्प राहिला.

मग प्रयोगशाळेचा दाखला आला. लस निकामी. खाली सही, शिक्का. हरकत घ्यायची तर अठ्ठावीस दिवसांत लेखी कळवायचं असतं. तारखेला कोर्टात सांगू, म्हणून मकदूम थांबला आणि मुदत टळली. त्याच्या वाट्याची सीलबंद बाटली अजून फ्रिजमध्ये थंडगार होती, पण ती आता कुणी तपासणार नव्हतं. दाखल्यावर सही करणाऱ्याला कोर्टात यावंही लागत नाही. सही येते, तेवढ्यावर भागतं. मकदूमचं दुकान बंद पडलंच होतं. आता तुरुंग समोर दिसत होता.

पंच क्रमांक एक म्हणजे खानावळीचा धोंडप्पा. त्याला काहीच आठवेना.

"दाखला खोटा नाही, बाई," मकदूमच्या वकिलांनी नीलम्माला समजावलं. "बाटलीतली लस मेली ती उन्हातल्या जीपमध्ये. मकदूम आरोपी, त्याचं कोण ऐकणार? हे सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच. पण सरकारी वकील विचारतील, सही करताना खोट्या होतात की आता खोट्या आहात? उद्या तुमच्यावरच खटला होईल."

हे ऐकून तिचा नवरा शिवयोगी भडकला नाही. शांतपणे म्हणाला, "रोज तास तास पूजा. सही करताना देव कुटं गेलता? आता गपच बस की. सवय हाय तुला."

मठातल्या बायकांनी विचारलं, त्या लोकांचा एवढा पुळका कशाला. तिनं उत्तर दिलं नाही. सोमवार नव्हता, तरीही.

एका दुपारी मकदूमची बायको गुलबानो आली. रडली नाही, हात जोडले नाहीत.

"अक्का, आमच्या बाजूनं बोलू नका. बघितलं तेवढंच बोला."

"बोलते," नीलम्मा म्हणाली. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाली.

तारीख गुरुवारची होती. तिनं पूजा आटोपली, समन्स पिशवीत घातलं. शिवयोगीनं पेपरातून डोकं वर काढलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, एवढं त्याला सांगून तिनं चपला घातल्या आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षाला हात केला.