सासऱ्यांनी सरळ केलेल्या रेषा

सासऱ्याला आपल्या साइटवर कामाला ठेवू नये. मी ठेवलं. बायको सानाए म्हणाली, "अहो, बाबा दिवसभर घरातली कपाटं आवरतात, माझा जीव जातो. चिकटवा त्यांना कुठेतरी." साकाता बंदरावर आम्ही मासळीबाजाराची लोखंडी शेड उभारत होतो, तिथे त्यांना झाडलोटीला घेतलं. बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. वाकडी रेष दिसली की त्यांच्या पोटात दुखतं.

आणि आमच्या बोल्टांवरच्या रेषा वाकड्याच असाव्या लागतात. बोल्ट आधी थोडा आवळायचा, मग त्याचं टोक, नट, नटाखालची चकती म्हणजे वायसर आणि खालची प्लेट या सगळ्यांवरून एक पांढरी रेष ओढायची. मग पुरता आवळायचा. नट एकटा फिरतो आणि रेष मोडते. मोडली म्हणजे बोल्ट पक्का. वायसरही नटामागे फिरला, तर बोल्ट बाद.

सोमवारी सकाळी तपासणी होती आणि दुपारी दोनच्या गाडीने मी आणि सानाए आत्सुमीच्या गरम पाण्याच्या कुंडांना निघणार होतो. अकरा वर्षांत चार वेळा मी हा बेत ऐन वेळी रद्द केलेला. या खेपेला तिने शांतपणे सांगितलं होतं, "आलात तर तुमच्याबरोबर, नाही आलात तर तुमच्याशिवाय. मी जाणार."

तपासनीस निवा बाई परांचीवर चढल्या आणि एकेका बोल्टावर बोट ठेवत गेल्या.

"हासेबे साहेब, हे बोल्ट आवळायचे राहिलेत का?"

मी धावत वर गेलो. तीनशे चौऱ्याऐंशी बोल्ट, आणि एकूण एक रेष सरळ. खाली बाबा झाडू घेऊन शाबासकीची वाट बघत उभे.

"जावईबापू, काल येऊन जुन्या रेषा पुसल्या, सगळ्या नीट ओढल्या," ते म्हणाले. "काय गचाळ पोरं आहेत हो तुमची. एकाला धड रेष ओढता येत नाही."

"बाबा, त्या वाकड्याच हव्या असतात."

"मग ओढता कशाला?"

निवा बाईंनी वही उघडली. "पुरावाच गेला. सगळे बोल्ट काढा, नवे घाला." म्हणजे आठवडा गेला. आणि दोनची गाडीही.

"पण मी फोटो काढलेत की," बाबा म्हणाले. "कुठलंही काम करा, पाटी धरून आधीचा आणि नंतरचा फोटो काढा, असं तुम्हीच बजावलं होतंत."

खरंच काढले होते. प्रत्येक सांध्याजवळ साइटची काळी पाटी, तिच्यावर सुबक अक्षरात, "सांधा सात, सरळ करण्यापूर्वी." बाईंनी पाऊण तास एकेक फोटो मोठा करून बघितला. मी घड्याळ बघत होतो.

"काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "फक्त सांधा एकोणीस, चौथा बोल्ट. वायसर फिरलाय. कुणी आवळला हा?"

पोरं एकदम समुद्राकडे बघायला लागली. तो बोल्ट मी आवळला होता, गावच्या बातमीपत्रातल्या फोटोसाठी, दात काढून हसत. त्याचाही फोटो निघाला, पाटीवर माझ्या नावासकट.

"तेवढा बदला. आणि या खोट्या रेषा सगळ्या पुसा. मी पाचला येते, तोवर तुम्ही इथून हलायचं नाही."

मी सानाएला फोन केला. ती नुसतं "बरं" म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. मग म्हणाली, "तिकीट वाया कशाला घालवायचं? बाबांना पाठवा. परांची चढून गुडघे धरलेत त्यांचे."

बाबा पाटी काखेत मारून गेले. मी थिनरचा डबा घेऊन चढलो. तीनशे चौऱ्याऐंशी रेषा मी स्वतः पुसल्या, कारण पोरं माझ्याकडे बघून हसत होती आणि मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं.

चारला मोबाइल वाजला. पाय बुडवायच्या कुंडाच्या काठावर बाबा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाटी: "बुडवण्यापूर्वी." दुसऱ्यात पाय उकडलेल्या कोळंबीसारखे लाल: "बुडवल्यानंतर."

तिसऱ्या फोटोत सानाए होती. शेजारची जागा तिने टॉवेल टाकून अडवून ठेवली होती. पाटीवर अक्षर तिचं होतं.

"नवरा येण्यापूर्वी."

निवा बाईंनी सव्वापाचला सही केली. सहाच्या गाडीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, इतका मला थिनरचा वास येत होता.