लुत्फीची खेळी

फडताळावरचे चमचे किणकिणले. त्यांच्याशेजारी ठेवलेला फोन थरथरला होता. मांडीवरचं ताट खाली ठेवायचंही सिहामला सुचलं नाही. ती तशीच उठली आणि मटारचे दाणे फरशीभर गडगडले.

"खेळला का गं?" सासूने विचारलं. सासूला सगळे आदराने लल्ला मबरूका म्हणत. तिचा अंगठा अर्ध्या सोललेल्या शेंगेतच थांबला होता.

सिहामने वाचलं. 'अभिनंदन! प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली. तुम्ही जिंकलात.' तिच्या नावापुढचे गुण वाढले होते.

बुद्धिबळ तिला नवऱ्यानेच, लुत्फीने, शिकवलं, लग्नानंतर. तो स्फाक्सच्या बंदरातून फोनवर खेळी करायचा, ती तव्यावर भाकरी टाकून उत्तर द्यायची. सुरुवातीला ती वजीरच घालवून बसायची. मग सावध झाली, इतकी की साधं प्यादंही हातचं सुटू देईना. राजाला कोपऱ्यात बसवायचं आणि पुढे भिंत उभी करायची.

"खेळतेस की घर आवरतेस?" तो हसायचा.

तो स्वतः उधळा. घोडा दे, हत्ती दे, आणि सुसाट राजाच्या अंगावर. हरायला आला तरी डाव म्हणून सोडायचा नाही. यंदाच्या हिवाळ्यात तिने त्याला बरोबरीत रोखलं होतं. जिंकली मात्र कधीच नव्हती.

बोटीने चोरून समुद्रापलीकडे जायचं ठरलं तेव्हा त्याने नवा डाव मांडला, एका खेळीला तीन दिवसांचा. "बोलता येईल, न येईल. तिकडे पाय टेकला की आधी खेळी करीन. खेळी आली की समजायचं, पोहोचलो."

किनाऱ्यावरून त्याने घोडा देऊन टाकला, तिने तो मारला. तेव्हापासून घड्याळ त्याच्या नावाखाली चालत होतं. पलीकडचा किनारा एका रात्रीच्या अंतरावर होता.

"अगं, बोल की!"

"मी..." सिहामने पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. "मी जिंकले, लल्ला."

म्हातारीने हातातली शेंग खाली टाकली. मग तिचे डोळे भरून आले.

"जिंकलीस? त्याला? मेल्याने जन्मात कधी बायकोला जिंकू दिलं नाही! तिकडच्या पोरींकडे बघत बसला असेल, दुसरं काय! पण खेळला ना? खेळला माझा बाळ!"

सिहाम खाली वाकून दाणे वेचू लागली. एक दाणा हातात आला, तो तिने पुन्हा फरशीवरच ठेवला.

तोवर मबरूका अंगणात पोहोचली होती. जीभ नाचवत तिने लग्नघरातल्यासारखा आनंदाचा लांब सूर काढला. "ज़कीया! ए ज़कीया! पोहोचली गं पोरं!"

शेजारच्या ज़कीयाचा धाकटा मुलगा त्याच बोटीत होता. भिंतीपलीकडे काहीतरी पडून फुटलं, आणि मग हसू की रडू ते कळेना असा आवाज आला.

सिहाम दारापर्यंत धावली. "लल्ला, ऐका ना, तसं नाही..."

"तू गप! आज त्या मटारात मटण घाल." म्हातारीच्या डोक्यावरचा रुमाल घसरला होता. पांढरे केस वाऱ्यावर उडत होते आणि त्याचं तिला भान नव्हतं. गेल्या तीन दिवसांत तिने खाण्याचं नावही काढलं नव्हतं. सिहामने चौकट घट्ट धरली. 

मागे पावलं वाजली. छोटी इनास दोन्ही हातांवर लाकडी पट तोलत येत होती, मोहरे घसरू नयेत म्हणून श्वास रोखून. फोनवरचा डाव ती या पटावर मांडून ठेवायची. बाबाच्या मोहऱ्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. तिने पट फरशीवर ठेवला, आड येणारे दाणे बाजूला सारले. पटावर लुत्फी जिंकत होता.

इनास त्याच्या बाजूला मांडी घालून बसली. बोट आधी वजिरावर गेलं, मग हत्तीवर. मग तिने वर पाहिलं.

"आई, बाबाचं कुठलं हलवू?"