सुभेदारांचं दहावं

धाकू सुभेदारांच्या दहाव्याला कोपरीच्या खाडीवर अर्धं गाव लोटलं होतं. बुवांचं प्रवचन झालं. देह मातीचा, नाम तेवढं हरीचं, हे त्यांनी अशा गोड गळ्यानं सांगितलं की सुभेदारांच्या बायकोच्या, रंगूबाईंच्या जिवाचा दाह घटकाभर निवला. पण पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना.

थोरल्या लेकानं, नयननं पिंडाशेजारी बापाची दोन्ही पदकं मांडली होती, घासून लख्ख केलेली. एकाहत्तरच्या लढाईत सुभेदारांनी पोटावर सरपटत सुरुंग काढले, मागच्या पलटणीला वाट करून दिली, त्याचं वीरचक्र. दुसरं सेना मेडल.

कावळे कुंपणावर बसलेले. उतरायचं नाव नाही.

"अप्पा, नाक्यावर तुमच्या नावाची कमान उभारतो," नयन हात जोडून म्हणाला. कावळे ढिम्म.

"पदकं कुठल्या म्युझियमला देणार नाय, घरातच ठेवू," लेक भावना म्हणाली. तरी ढिम्म.

"मिलिटरीचा माणूस तो. ऑर्डरशिवाय हलतोय होय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले. रंगूबाई पदकांकडे बघत होत्या. माणूस अडकला म्हणावं, तर कशात? कमानीत? पदकांचा डबा तर सुभेदारांनी जन्मात कुणाला कौतुकानं दाखवला नव्हता. बाजार असो की देऊळ, सुभेदार चार पावलं पुढे चालायचे आणि थांबून मागे बघायचे. सुरुंगातली सवय. मागचं माणूस आपल्याच पावलांवरून येतंय ना, हे पाहिल्याशिवाय पुढे सरायचे नाहीत.

रंगूबाई उठल्या. पदकं उचलून पदरात बांधली.

"आई, असू दे ना तिथं."

त्यांनी लेकाकडे पाहिलंच नाही. पिंडाकडे बघून म्हणाल्या, "वाट करून दिली ना तुमी? मग आता मागं बघत थांबू नका. माझं पाऊल चुकायचं नाय. मी येईन सावकाश. तुमी व्हा पुढं."

आणि त्या बाजूला झाल्या.

एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावून गेला. चांदीची चमक हटली म्हणून उतरला, की शब्द पोचला म्हणून, ते पांडुरंगाला ठाऊक. बुवांनी नुसते हात जोडले.

नयन ओक्साबोक्शी रडू लागला. रंगूबाई रडल्या नाहीत. सगळं उरकेपर्यंत पदराची गाठ मुठीत धरून उभ्या होत्या.