तळ्याला आलेली भरती

शाळेच्या पोषण आहारात सरकारने मासे सुरू केले आणि आमच्या गावचा समुद्र कमी होऊ लागला. ओहोटी रोजच लागायची. आता गेलेलं पाणी सगळं परत येईना.

शाळेतला स्वयंपाक मी करते. मासे घाटावरच्या सरकारी तळ्यातले. टाकीच्या गाडीतून जिवंत येत. मुलांच्या अंगाला लागतील, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मुलं चाटूनपुसून खात. मासे गोड्या पाण्यातले, तरी कालवणाला मीठ घालावं लागत नव्हतं. मी टाकीकडे बघितलं की ड्रायव्हर काच वर करायचा.

माझा नवरा धर्माजी होडी ढकलत रोज आणखी लांब जाई. एकदा तो परतलाच नाही. मी किनाऱ्यावर गेले. पाणी कुठेच नव्हतं. होडी ओढल्याची रेघ वाळूत लांबवर गेली होती, आणि ती संपली तिथून टायरच्या खुणा सुरू होत होत्या.

शाळेत मासे उतरवून झाल्यावर मी टाकीच्या गाडीत जाऊन बसले.

"तळं बघायचंय."

"परवानगी लागते," ड्रायव्हर म्हणाला.

"पोरांना मी वाढते. मला बघू दे."

घाट चढताना मागे लाटा आपटत होत्या.

"टाकी रिकामी आहे ना?"

"रिकामीच आहे."

तळ्याभोवती जाळीचं कुंपण होतं. आत भरती आली होती. मध्ये आमच्या गावचा खडक होता. खडकापाशी होडी होती, होडीत धर्माजी.

"पाय औषधात बुडवून या," तिथला साहेब म्हणाला. "बाहेरून रोग येतो."

"हा आमचा समुद्र आहे."

"होता. समुद्राचा काय भरवसा, बाई? आज देतो, उद्या नाही. ताटात रोज मासा हवा तर तो असा पाळावा लागतो."

"आणि तो माणूस?"

साहेबाने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "पाण्याबरोबर आला. चांगला वाढतोय."

मी धर्माजीला हाक मारली. त्याने वळून पाहिलं. गिऱ्हाईक समजून पाहतात तसं. मग पुन्हा जाळं ओढू लागला.

"हाकेला येत नाहीत ते." साहेबाने माझ्या हातावर खाद्याच्या गोळ्या ओतल्या. त्यांना सुक्या बांगड्याचा वास होता. "हे दाखवा."

मी मूठ घट्ट मिटली. मला काही टाकायचं नव्हतं. पण धर्माजीने जाळं सोडून दिलं आणि माझ्या मुठीवरची नजर न काढता तो काठाकडे वल्हवू लागला.