सांधलेला दांडा

रथसप्तमीला बायका अंगणात सूर्याचा रथ काढतात आणि गोवऱ्यांवर दूध ठेवून ते उतू घालवतात. सांगलीत गोपाळकृष्ण वकिलांच्या माडीवर मात्र त्या दिवशी तीन बाप्ये जमायचे आणि जुन्या मोटारींच्या सुट्या भागांना हळदकुंकू लावायचे. लोक हसायचे. हसेनात का. बैलांच्या नादात घर धुऊन गेलं तरी त्या माणसाला गाव शौकीन म्हणतं, आणि पंचवीस वर्षांची मोटार चालती ठेवली की माणूस येडा, हा कुठला न्याय?

तिघांतला नाथाजी आष्ट्याचा, लालासाहेब उंब्रजचा. दोघं उसाचे शेतकरी, दोघं पहिल्या लढाईत बसऱ्याला पलटणीच्या लॉऱ्या हाकून आलेले. तिथं एका ताटात जेवले आणि परत आल्यावर दोघांनी एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन जुन्या विलायती मोटारी घेतल्या. एकीचा भाग दुसरीला चालावा, असा तो शहाणपणा. वकील सांगलीचे, त्यांची एक छोटी मॉरिस. नाद एक असला की जात, वय, शिक्षण बाजूला राहतं, आणि हे तिघं तर लग्नकार्याला एकमेकांच्या चुलीपर्यंत जाणारे झाले होते.

माडीवरचा रिवाज वकिलांनी घालून दिलेला. वर्षभरात जे काही हाती लागलं ते पाटावर मांडायचं आणि त्याची कुळी सांगायची. म्हणजे हा भाग कुणाच्या गाडीचा, कुठं सापडला, मालकानं कसा दिला. पाटापुढं खोटं बोलायचं नाही, आणि मालकाला विचारल्याबिगर कुणाच्या गाडीचा बोल्टसुद्धा उचलायचा नाही. एवढे दोनच नियम.

सत्तेचाळीस सालच्या रथसप्तमीला नाथाजी आपली मोटार घेऊन सकाळीच आला. लालासाहेब आला तो पायऱ्या चढून, घामाघूम, हातात कापडी पिशवी. सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे बसनं, आला होता.

"गाडी कुठाय रं?" नाथाजीनं विचारलं, आणि लगेच स्वतःलाच हसला. लालासाहेबाची गाडी दुसरी लढाई सुरू झाल्यापासून गोठ्यात दगडांवर चढवलेली. चाकं काढलेली. ती कुठून येणार?

"गाडी गेली पाचगणीला," लालासाहेब म्हणाला आणि गादीवर टेकला. "संक्रांतीनंतर उतरवली दगडावरनं. पोरगा दादासो म्हनला, आबा, इटलीत डोंगरानं लॉऱ्या हाकल्या, आता आपली गाडी हाकतो. नवी नवरी म्हनली, पाचगणी बगायची. काल वर गेली दोगं, माझ्या जुन्या सुभेदाराकडं. आज जेवून तीनला निगायची खाली."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. वकिलांनी कौतुकानं मान हलवली, वकीलवहिनींना चहाची हाक दिली. नाथाजीच्या हातातली सुपारी मात्र तशीच राहिली.

कारण त्या गाडीत काय आहे, ते त्याला माहीत होतं.

गोष्ट त्रेचाळीस सालची. लालासाहेब मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलेला, दादासो सैन्यात. "गड्या, माझ्या गाडीचं तेलपाणी तूच बग," म्हणून त्यानं गोठ्याची किल्ली नाथाजीच्या हातात दिलेली. त्याच महिन्यात नाथाजीच्या गाडीचा दांडा तडकला. स्टेरिंगपासून चाकाकडं जातो तो लोखंडी दांडा, तो आहे म्हणून चाक हाताचं ऐकतं. लढाईच्या दिवसांत तसला दांडा कुठं मिळणार? नाथाजीनं मिरजेत लोहाराकडून सांधून आणला. लोहारानं देतानाच बजावलं, "शेताला जावा, बाजाराला जावा. घाटात न्हेऊ नगा." आणि नाथाजीच्या डोक्यात आलं की लालासाहेबाची गाडी तर दगडावर आहे, टायर सरकारनं उचलू नयेत म्हणून हरिपूरला हळदीच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात पुरलेत, ती कशाला चालतीय? लढाई संपली की नवा दांडा आणून बसवू, कुणाला कळायचं पण नाही. मित्र आतल्या खोलीत तापानं बरळत होता आणि हा बाहेर गोठ्यात त्याच्या गाडीखाली शिरून चांगला दांडा काढत होता. त्या जागी सांधलेला बसवला, वर काळा रंग फासला. नादखुळा माणूस चोरी करतो तेव्हा ती त्याला चोरी वाटतच नाही, बदली वाटते.

नवा दांडा काही मिळाला नाही. मिळाला नाही की शोधला नाही, हे त्याचं त्याला ठाऊक. पुढच्या रथसप्तमीला त्यानं तो दांडा पाटावर मांडला आणि खुशाल सांगितलं, कोल्हापूरच्या जुन्या बाजारात घावला. नुसतं सांगून थांबला असता तर एक वेळ. पण गडी गोष्टीत रंगला. सरदाराची मोडलेली गाडी काय, तिची म्हातारी मालकीण काय, तिनं "चालवा बाबा, माझ्या धन्याची आठवण" म्हणून दिलेला दांडा काय. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी दादासोचं लग्न झालं, ते नाथाजीच्याच मध्यस्थीनं. नवरी बनू त्याच्या मेहुणीची लेक, त्याच्या मांडीवर खेळलेली. आज ती त्या दांड्यावर बसून पसरणीचा घाट उतरणार होती.

आता सांगून टाकावं. तार केली तर तासाभरात पाचगणीला पोचेल. नाथाजीनं तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला आणि वकिलांनी पेवाचा विषय काढला.

"आठवतं का हो, टायर काढले तेव्हा?" वकील हसत होते. "आधी कंदील सोडला खाली. विझला. म्हटलं, आत हवा नाही, कुणी उतरू नका. एक दिवस तोंड उघडं ठेवलं आणि मग वर आले ते काय, पाचही टायर पिवळेधमक."

"गाडीला हळद लागली, लगीन लावा, आसं म्हनलं व्हतं तुमी," लालासाहेब म्हणाला. "आवं पर त्या पेवात त्या दिवशी कंदील सोडायचं कुनी सुचवलं? नाथाजीनं. न्हाईतर आमचा गडी धुळा उतरला व्हता की पायरीवर. मेलाच आसता त्यो. दुसऱ्याच्या जिवाची काळजी घ्यावी तर ह्या गड्यानं."

नाथाजीनं चहाचा कप तोंडाला लावला. एवढ्या कौतुकावर कुठल्या तोंडानं सांगायचं? मनाशी म्हणाला, जरा येळ जाऊ दे. अजून पाच तास हायत.

मग आठवणींना ऊत आला. कऱ्हाडच्या भंगारातून पितळी दिवा कसा मिळाला, साताऱ्याच्या एका म्हाताऱ्यानं भोंगा देताना तो शेवटचा एकदा वाजवून कसा घेतला, सगळं निघालं. एरवी ह्या गप्पांत नाथाजी सगळ्यांच्या पुढं. आज हूं हूं करत होता आणि मनातल्या मनात घाट उतरत होता. वाईच्या बाजूला तोंड करून गाडी निघते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. प्रत्येक वळणावर तो दांडा ओढला जातो, ढकलला जातो. चढताना टिकला म्हणजे उतरताना टिकेलच की. का टिकेल? चढताना गाडी हळू असते. दादासो लष्करातला, तो काय हळू हाकतोय?

"नाथाजी," लालासाहेब मांडी बदलत म्हणाला, "त्या कोल्हापूरच्या दांड्याची गोष्ट सांग की. लय दिस झालं ऐकून."

"आता ती कशाला? धा येळा ऐकलीस."

"मला आवडती."

वकिलांनीही आग्रह केला. आणि नाथाजीनं सांगितली. पाटापुढं बसून, तीच म्हातारी, तोच धनी, तेच "चालवा बाबा".  लालासाहेब त्याच्या तोंडाकडं बघत होता, हूं हूं म्हणत होता, मधेच विचारत होता, "म्हातारीचं नाव काय म्हनला व्हतास?" नाव दर वेळी वेगळं पडायचं, आणि आज तर त्याला एकही आठवेना.

बारा वाजता नाथाजी पान आणतो म्हणून उठला. पान कसलं? सरळ तार ऑफिसात गेला. फॉर्म घेतला, दादासोचं नाव लिहिलं, सुभेदाराचा पत्ता लिहिला, 'गाडी हलवू नको' लिहिलं. खाली पाठवणाऱ्याचं नाव. तिथं टाक थांबला. खरं नाव घातलं तर दादासो बापाला विचारणार, बाप आपल्याला विचारणार, तुला रं कसं कळलं? आणि खोटं घालावं तर खिडकीतला कारकून वकिलांच्या शेजारचा, नावानिशी ओळखणारा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत दोन जीव आहेत हे नाथाजीला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. तरीही त्यानं फॉर्म चुरगळून खिशात घातला आणि तीन पानं बांधून घेतली. त्याला स्वतःची किळस आली, पण पाय परत माडीकडंच वळले.

"लय येळ लागला पानाला," लालासाहेब म्हणाला.

"गर्दी व्हती."

जेवायला बसले. वहिनींनी पुरण घातलं होतं. नाथाजीला आठवलं, बनू लहानपणी पुरण नुसतंच मागायची, पोळी नको म्हणायची. त्यानं ताटावरून उठताना ठरवलं, हात धुतला की सांगायचं. हात धुतला. मग ठरवलं, सुपारी फोडली की. एक वाजला, दोन वाजले. लालासाहेब लोडाला टेकून डोळे मिटून पडला होता. झोपलाय की काय म्हणून नाथाजीनं वाकून पाहिलं, तर त्याचे डोळे उघडे होते.

तीनचे टोले पडले.

"निघाली असतील आता मंडळी," वकील म्हणाले. "काय हवा असेल घाटात ह्या दिवसांत. पहिल्या वळणापाशी मी नेहमी गाडी थांबवतो. खाली पाहिलं की—"

"थांबवा," नाथाजी म्हणाला.  "तार करा. दादासोला थांबवा. त्या गाडीचा दांडा सांधल्याला हाय. मी बसवलाय. त्रेचाळीस साली. चांगला मी काढून न्हेला. वकील, उठा, तार करा, न्हाईतर मेली ती दोगं."

वकील अर्धे उठले आणि तसेच राहिले. लालासाहेब उठून बसला. त्यानं सावकाश पिशवी ओढली, आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पाटावर ठेवलं. काळ्या रंगाचे लोखंडाचे दोन तुकडे.

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी उतरवाय घेतली," तो म्हणाला, "तवा घावला. रंग खरवडला तर आत सांधा. हातोड्याच्या दोन ठोक्यांत आसा झाला. गाडी हाय तितंच हाय, गोठ्यात. दादासो शेतावर, बनू घरात. पाचगणीला कुनी गेलं न्हाई."

 पोरं जिवंत आहेत, एवढंच नाथाजीला पहिल्यांदा कळलं. तो रडायला लागला, हात जोडले, "लालासाहेब, गड्या, चुकलो," म्हणाला.

"न्हेलास त्याचं मला कायबी न्हाई," लालासाहेब म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी तापात मरत व्हतो, गाडी मढं हून पडली व्हती. तुला वाटलं, कशाला चालतीया. मीबी येडाच हाय ह्या नादात, मला समजतं. दोन दिस जळलो आन् सोडून दिलं. मागनं वाटलं, बगू तर खरं. उद्या हा दांडा पोरांच्या जिवावर आला तर हा बोलंल का न्हाई. मनात म्हनलं, बोलंल. धा मिनटांत बोलंल. मग मिठी मारीन, दांडा दावीन, हासू. तसं ठरवून आलो व्हतो."

तो घड्याळाकडं न बघता बोलत होता.

"सकाळी धाला सांगितलं तुला. मधी दोनदा गप बसून वाट बगितली. म्हातारीची गोष्टबी सांगाय लावली, म्हनलं आता तरी फुटंल. पाच तास, नाथाजी. पुरन खाल्लंस, पान खाल्लंस. तीन वाजस्तवर तुझ्या पोटात माझा पोरगा आन् तुझी बनू, दोगं व्हती. आन् बोललास कवा, तर ती निगून गेल्यावर."

"बोललो की पर," नाथाजी कसाबसा म्हणाला.

"व्हय. बोललास."

लालासाहेबानं पिशवीची घडी केली. ते दोन तुकडे तिथंच ठेवले, वकिलांना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेला. नाथाजी दारापर्यंत गेला आणि वळला. त्यानं वकिलांकडं पाहिलं. शिकला-सवरलेला माणूस, शांत डोक्याचा, काहीतरी धीराचं बोलेल, असं त्याला वाटलं.

वकिलांनी ते दोन तुकडे उलटून पाहिले. मग खाली मान घालून, अगदी हळू, जणू आपल्यालाच लाज वाटतेय अशा आवाजात त्यांनी विचारलं, "नाथाजीराव, उद्या आमच्या मुलीला, क्षमाला घेऊन मला कोल्हापूरला जायचंय. खरं सांगा. माझ्या गाडीतलं काही काढलंय का तुम्ही?"

"न्हाई वो वकील. देवाशपथ न्हाई. तुमच्या गाडीला मी कवा हात लावला न्हाई."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं.

वकिलांनी मान हलवली, "बरं," म्हणाले. मग खुंटीवरचा जुना सदरा काढून अंगात घातला, कोनाड्यातला पाना घेतला आणि खाली गेले. थोड्या वेळानं नाथाजीला अंगणातून मॉरिसचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला.